सुपरवायझरची खुर्ची आणि फळ्यापाशी उभी असलेली मुलगी

बडोद्याच्या एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्यांचे वय सत्तेचाळीस असून एका ट्रस्टच्या गुजराती माध्यमाच्या शाळेत त्या बरीच वर्षे सहावी ते आठवीला गणित शिकवतात. यंदा शाळेतील सुपरवायझरचे पद त्यांच्याहून बऱ्याच ज्युनिअर असलेल्या सहशिक्षिकेला मिळाले आणि घरी यजमान सहज बोलून गेले, "इतकी वर्षे फळा खरडून काय मिळवलेस?" त्यानंतर दिवाळीच्या दिवसांत दोन गोष्टी घडल्या. खंडेराव मार्केटात भाजी घेताना एक तरुण भर गर्दीत त्यांच्या पाया पडला. सातवीत असताना वडील गेल्यामुळे त्याची शाळा सुटण्याच्या बेतात होती, परंतु वर्गाचे हजेरीपत्रक रोज ऑफिसात नेऊन देण्याचे काम बेननी (गुजरातीत शिक्षिकेला बेन म्हणतात) आपल्यावर सोपवले होते, त्यामुळे शाळेत येत राहिलो, असे त्याने सांगितले. बेनना तो मुलगा आठवला नाही. तो दाराजवळच्या बाकावर बसत असेल म्हणून ते काम त्याला दिले असेल, असे त्या लिहितात. त्याच आठवड्यात फराळाला गेल्या असता एका माजी विद्यार्थिनीच्या आईने सांगितले की, "तुझ्या डोक्यात अपूर्णांक शिरायचे नाहीत, तू आपली रांगोळ्या काढ," हे बेनचे वाक्य मुलीने आठवीत असताना मनाला लावून घेतले आणि दहावीनंतर विज्ञानाचे नावही न काढता वाणिज्य शाखा घेतली. ते वाक्यही त्यांना आठवत नाही. त्या विचारतात: पदाशिवाय शिक्षकाच्या हातून खरोखर काही घडते का? पुढच्या वेळी पदासाठी अर्ज करावा, की नोकरी सोडून ट्युशन सुरू करावे? आणि त्या मुलीला काय सांगावे?

नमस्कार ताई,

तुमचे पत्र वाचताना पहिल्यांदा खटकला तो तुमचा हिशेब. त्या मुलाचे जे भले झाले ते तुम्ही योगायोगाच्या खात्यात टाकले आहे आणि मुलीचे जे नुकसान झाले ते मात्र सगळेच्या सगळे स्वतःच्या नावावर लिहून घेतले आहे. वरवर पाहता हा विनय वाटतो. पण गणित शिकवणाऱ्या व्यक्तीने तरी असा एकतर्फी ताळेबंद मांडू नये. दोन्ही प्रसंगांत घडले ते एकच आहे. तुम्ही फारसा विचार न करता काही केले किंवा बोललात, तास पुढे सरकला, आणि समोरच्या मुलाने ते जपून ठेवले. घ्यायचे असेल तर दोन्हींचे श्रेय-अपश्रेय घ्या, नाहीतर दोन्ही सोडा. माझे मत विचाराल तर दोन्ही घ्यावे.

न आठवण्याचे इतके वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. साठ मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांच्या तासात एकेका मुलाच्या वाट्याला तुमचे लक्ष जेमतेम अर्धे मिनिट येते, आणि त्या मुलाने मात्र पस्तीसही मिनिटे तुमच्याकडे पाहत बसावे अशी आपली अपेक्षा असते. पाहणे इतके असमान असताना तुमच्या आणि मुलांच्या आठवणी जुळणार कशा? तेव्हा पदाशिवाय काही घडते का, या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे, आणि ते थोडे अडचणीचे उत्तर आहे: घडतेच, ते नाकारण्याची सोय शिक्षकाला नाही. कुठली गोष्ट कोणाच्या मनात राहील हे कळत नसताना नेमके काय सांभाळायचे, एवढाच प्रश्न उरतो.

तरीही पदाचा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. नेतृत्व म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खुर्ची येते, आणि बडोद्याच्या माणसाला तर हटकून महाराजांची आठवण होते. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेलीकडे सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सबंध संस्थानाला लागू केला. एका माणसाच्या सहीने हजारो मुले शाळेच्या दारापर्यंत आली, हे खुर्चीचेच सामर्थ्य. मात्र त्याच कारकिर्दीतील दुसरी गोष्ट आपण कमी वेळा सांगतो. अस्पृश्य मुलांसाठी महाराजांनी शाळा काढल्या, तेव्हा तेथे शिकवायला सवर्ण शिक्षक तयार होईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले, आणि पुढे १९०८ साली पंडित आत्माराम अमृतसरी यांना या कामासाठी मुद्दाम बोलावून घ्यावे लागले. हुकूम शाळेच्या दारापर्यंत पोहोचला; आत मुलाकडे कोण आणि कसे पाहणार, हे महाराजांच्याही हातात नव्हते.

याच्या नेमके उलटे उदाहरणही बडोद्याशीच जोडलेले आहे. कृष्णाजी अर्जुन केळूसकर हे मुंबईच्या विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा एक मुलगा त्यांच्या नजरेस पडला. तो एल्फिन्स्टन हायस्कूलचा, म्हणजे त्यांचा विद्यार्थी नव्हताच. त्यांनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली, आणि १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाल्यावर सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. पुढे पैशांअभावी कॉलेज अडले तेव्हा केळूसकरांनीच सयाजीरावांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली; १९१३ साली भीमराव कोलंबिया विद्यापीठात गेले तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. बागेतल्या मुलाकडे लक्ष जाण्यासाठी केळूसकरांना कोणतेही पद लागले नाही, हे खरे. पण ते २५ रुपये देण्यासाठी खुर्चीवर बसलेला माणूसच लागला, हेही तितकेच खरे आहे. "पद काय करायचे, शिक्षकी पेशाच थोर," असे सांगून तुमची समजूत घालण्याचा माझा विचार नाही.

याच मुलाने त्याआधी साताऱ्याच्या शाळेत काय पाहिले होते तेही लक्षात घ्या. घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसायचे, आणि तहान लागली तर शिपायाने नळ सोडेपर्यंत थांबायचे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. तेथे कोणी फार मोठे क्रौर्य करत आहोत असे समजून वागत नव्हते. ती रोजची रीत होती. मार्केटात भेटलेल्या त्या मुलाचे हजेरीपत्रक हीसुद्धा रोजची रीतच होती, आणि म्हणूनच ती त्याच्या लक्षात राहिली. त्याने तुमच्या एखाद्या भाषणाची आठवण काढली नाही; सकाळी दुसऱ्या तासाला आपली कोणाला तरी गरज असते, एवढेच त्याला रोज कळत होते.

वर्गातल्या अशा रीती सुधारता येतात, आणि त्यासाठी स्वभाव बदलावा लागत नाही. शब्दाशब्दाला भीती वाटू लागली आहे, असे तुम्ही लिहिता. त्या भीतीने तुम्ही गप्प व्हाल, आणि गप्प शिक्षिका मुलांना रागावलेली वाटते. भीतीऐवजी एकदोन ठरावीक जागा निवडा.

पहिली जागा चुकलेल्या उत्तराची. सहावीची एखादी मुलगी फळ्यावर एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असे लिहिते. वरच्या अंकांची बेरीज वर, खालच्यांची खाली. दर वर्षी निम्मा वर्ग हेच करतो. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसते आणि लगेच सगळी मुले तुमच्या चेहऱ्याकडे पाहतात, कारण हसायला परवानगी आहे की नाही हे तुमच्या चेहऱ्यावरून ठरणार असते. थकलेल्या माणसाच्या तोंडून रांगोळीचे वाक्य निसटते ते याच वेळी. त्याऐवजी तिला एवढेच विचारा: "आधी अर्धी पोळी होती, तीत आणखी भर घातली, आता तुझे उत्तर अर्ध्यापेक्षा जास्त आहे की कमी?" दोन पंचमांश अर्ध्याहून कमी असतात, हे तिचे तिलाच दिसेल, मागे हसणाऱ्यालाही दिसेल (त्यानेही वहीत बहुधा तेच लिहिलेले असते), आणि मुलगी जागेवर परत जाईल ती उत्तर दुरुस्त करून. पोर्शनही यात मागे पडत नाही, कारण हीच चूक नाहीतर तुम्हांला घटक चाचणीत तीस वेळा लाल करावी लागते.

दुसरी जागा प्रश्न विचारल्यानंतरची. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली तेव्हा आढळले की, प्रश्न विचारून झाल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा उत्तर स्वतः सांगून टाकतात. हेच थांबणे तीन सेकंद किंवा अधिक केले तर मुलांची उत्तरे लांबतात, "येत नाही" म्हणणाऱ्यांची संख्या घटते आणि एरवी मंद समजली जाणारी मुलेही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात. वर्गात उभे राहून पाहा, जीव कासावीस होतो. मनातल्या मनात अंक मोजत थांबा. ज्यांच्या घरी गुजराती वेगळी, मराठी वेगळी आणि पुस्तकातली भाषा तिसरीच असते, अशा आपल्याकडच्या मुलांना या सेकंदांची गरज जरा जास्तच असते.

तिसरी जागा वहीवरच्या शेऱ्याची. अमेरिकेत सातवीच्या मुलांवर झालेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. निबंधावर नेहमीप्रमाणे कडक शेरे मारून झाल्यावर काही मुलांच्या कागदावर शिक्षकाच्या हातची एक ओळ जोडली होती: माझी अपेक्षा मोठी आहे आणि तू ती पूर्ण करशील हे मला ठाऊक आहे, म्हणून हे लिहीत आहे. निबंध सुधारून आणणे ऐच्छिक होते. कृष्णवर्णीय मुलांपैकी ही ओळ नसलेल्या साध्या चिठ्ठीनंतर १७ टक्के मुलांनीच तो पुन्हा लिहिला, या ओळीनंतर ७२ टक्के मुलांनी. शेरे सौम्य केलेले नव्हते, हे ध्यानात घ्या. बोलणे खाण्याची सवय झालेल्या मुलाला आपले माप काढले जात आहे की आपल्याकडून काही अपेक्षा आहे, हे नुसत्या लाल रेघेवरून कळत नाही. ते सांगावे लागते. मात्र साठही वह्यांवर तेच वाक्य उतरवून काढलेत तर मुले दुसऱ्या दिवशी ते एकमेकांना दाखवून हसतील, हेही सांगून ठेवणे बरे.

आता पदाबद्दल. "माझ्या वर्गाचे निकाल साधारणच असतात," असे तुम्ही ओझरते लिहिले आहे आणि तीच खरी खंत असावी असा मला संशय आहे. निकाल महत्त्वाचे आहेत, पण ते सगळे मोजत नाहीत. किराबो जॅक्सन या अर्थशास्त्रज्ञाने नॉर्थ कॅरोलायनातील नववीच्या मुलांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध केला. गुण वाढवणारे शिक्षक आणि मुलांची गैरहजेरी कमी करणारे, त्यांचे वागणे सावरणारे शिक्षक हे पुष्कळदा वेगवेगळे असतात, आणि शालेय शिक्षण पुरे होण्याच्या दृष्टीने दुसऱ्या प्रकारच्या शिक्षकांचा परिणाम अधिक दिसतो, असे त्यात आढळले. मार्केटात भेटलेला मुलगा कोणत्या प्रकारात बसतो हे मी सांगायला नको. कोणत्याही शाळेच्या वार्षिक अहवालात त्याच्यासाठी रकाना नसतो.

अर्ज मात्र करावासा वाटला तर अवश्य करा. त्याआधी सुपरवायझरचा दिवस कसा जातो ते पाहून घ्या: कोण रजेवर आहे, त्याचा तास कोणाला द्यायचा, परीक्षेची बैठक व्यवस्था, ऑनलाइन हजेरी, आणि कोणा पालकाची तक्रार ट्रस्टींपर्यंत जाण्याआधी मिटवणे. यात मुले दुरूनच दिसतात. पण कमकुवत वर्ग कोणत्या शिक्षकाला द्यायचा, फी थकलेल्या मुलांची नावे वर्गात पुकारायची की पालकांना खासगीत सांगायचे, हेही त्याच टेबलावर ठरते, आणि एका निर्णयात पाचशे मुलांचा दिवस बदलतो. हे ठरवण्याची ओढ असेल तर ते पद तुमच्यासाठी आहे. पगारातला फरक आणि घरातला मान हवा असेल तर तेही कारण लाजिरवाणे नाही. फक्त ते स्वतःशी कबूल करून अर्ज करा, म्हणजे पद मिळाल्यावर मुलांपासून दूर गेल्याची चुटपुट लागली तर कोणत्या सौद्यात ती आली हे ठाऊक असेल. आणि न मिळालेले पद हा गेल्या सगळ्या वर्षांचा निकाल आहे, असे समजू नका. ट्रस्टींनी एक जागा भरली, एवढेच झाले आहे. यजमानांना उत्तर देण्याची घाई करू नये; त्यांना एकदा त्या मुलाची हकीकत नीट सांगा, कारण तुम्ही ती अजून घरी सांगितलेली नाही, असे पत्रावरून दिसते.

ट्युशनचा विचार रागाच्या भरात आलेला आहे असे वाटते, म्हणून थोडक्यात सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ प्रमाणे नोकरीत असताना खासगी शिकवणी घेता येत नाही, म्हणजे नोकरी आधी सोडावी लागेल. आणि ट्युशनला येणारी मुले ज्यांची फी भरली गेली आहे तीच असतात. वडील गेल्यामुळे शाळा सुटायच्या बेतात असलेले मूल तेथे तुमच्यापर्यंत येणार नाही. पैशांची निकड असेल तर अर्थात गोष्ट वेगळी, पण पत्रात तसे काही नाही.

आता त्या मुलीविषयी. तुमच्या एका वाक्याने तिचे आयुष्य वळले, हे गृहीतक मला जसेच्या तसे मान्य नाही. आठवीतले वाक्य आणि दहावीनंतरचा निर्णय यांच्यामध्ये दोन वर्षांचे गुण, घरची परिस्थिती, मैत्रिणींची निवड असे पुष्कळ काही असते. वाणिज्य शाखा ही काही शिक्षा नव्हे, आणि ती तेथे रमलेलीही असेल. पण हे सर्व तुमच्या समजुतीसाठी आहे. तिच्यासमोर यातले अक्षरही काढू नका, कारण तिच्या तोंडून ते आले तर शहाणपण आणि तुमच्या तोंडून आले तर सारवासारव. आईकडे निरोप द्या, मुलीची इच्छा असेल तरच भेटा, आणि भेट लांबवू नका. "तू सांगतेस ते मला आठवत नाही, पण ते मी बोलले यावर माझा विश्वास आहे. मी तसे बोलायला नको होते, आणि ते खरेही नव्हते," एवढे पुरे. तुझ्या भल्यासाठीच बोलले, त्या दिवशी डोके दुखत होते, बाकी मुलेही ऐकत नव्हती, ही कारणे बरोबर नेऊ नका. तिने लगेच "असू दे बेन" म्हणावे अशी वाट पाहत बसू नका. ती गप्प राहिली तरी तुमचे काम झालेले असेल. लगोलग फुकट शिकवण्याची तयारीही दाखवू नका. तिला अजून गणितात काही करायचे असेल तर ती विचारेल.

इतर शिक्षक वाचकांनीही लक्षात ठेवावे की हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. पट्टी कपाटात गेली, पण टोमणे अजून बरेच शिल्लक आहेत, आणि स्टाफरूममध्ये ते विनोद म्हणून सांगितले जातात.

शेवटी तुमच्या नव्या सुपरवायझरबद्दल. त्या वयाने लहान आहेत आणि पहिल्याच वर्षी त्यांना ज्येष्ठ शिक्षकांची भीती वाटत असणार. तुम्ही अबोला धरलात तर ती भीती खरी ठरेल. हे उत्तर तुमच्या हाती पडेल तेव्हा दुसरे सत्र सुरू झालेले असेल आणि पहिल्या सत्राच्या उत्तरपत्रिका वाटायच्या असतील. बहुतेक शाळांप्रमाणे तुमच्याकडेही गुण उतरत्या क्रमाने मोठ्याने वाचले जात असतील, आणि शेवटची पाच नावे येईपर्यंत वर्गात हशा पिकत असेल. तुमच्या वर्गांत यंदा पेपर घडी घालून ज्याच्या त्याच्या बाकावर ठेवा, आणि ज्या तिघाचौघांचे गुण मागच्या वेळेपेक्षा बरेच घसरले आहेत त्यांना मधल्या सुट्टीत एकेकटे बोलवा. नंतर सुपरवायझरना सांगा की सहावी ते आठवीच्या सर्व वर्गांत असेच करता येईल, आणि इतर शिक्षकांशी बोलायचे काम तुम्ही करायला तयार आहात. हे पहिल्या आठवड्यातच बोला; एकदा वेळापत्रक आणि बोर्डाचे फॉर्म सुरू झाले की त्यांना मान वर करायला सवड मिळणार नाही.